इंग्रजी शिकवायचंय ना, मग चळवळीची गाणी घ्या

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

तुमच्या पेपरात दर आठवड्याला 'इंग्रजी शिका' हे सदर येतं ते मी पहिल्यापासून वाचते, आणि माझ्या क्लासमधली निम्मी मंडळी ते कापून वहीत चिकटवतात, म्हणून हे पत्र लिहितेय. मी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते, म्हणजे ज्यांची शाळा कधीच सुटलीय, दिवसभर काम करून संध्याकाळी जे वही घेऊन बसतात अशांना. गेल्या आठवड्यात तुमच्या सदरात पॅसिव्ह व्हॉइस होता. दहा वाक्यं दिली होती, पत्र लिहिलं गेलं, खिडकी फोडली गेली, चोर पकडला गेला वगैरे, आणि खाली नियम, कर्माला पुढे आणा, बी चं रूप घाला, क्रियापदाचं तिसरं रूप घाला, बाय लावा. सगळ्यांनी दहाच्या दहा बरोबर केली. मग एका बाईंनी मला विचारलं, मॅडम, पण असं बोलायचं कधी? ज्याने केलं त्याचं नाव माहीत असताना ते मागे ढकलायचं कशाला?

ह्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या दहा वाक्यांत नव्हतं. मी फळ्यावर एकच ओळ लिहिली, 'वी शॅल नॉट बी मूव्ह्ड', आणि पुढचा तास त्या एका ओळीवर गेला. त्या तासाबद्दल सांगते, कारण माझं म्हणणं सगळं त्यात आहे, की चळवळीच्या गाण्यांमध्ये व्याकरण हे शोभेला नसतं, तिथे एक शब्द इकडचा तिकडे केला तर अर्थ बदलतो आणि तो माणसांनी ठरवून, भांडून, गाऊन बदललेला असतो, आणि म्हणूनच तो शिकणाऱ्याच्या डोक्यात राहतो.

आता ही ओळ बघा. आम्हाला हलवलं जाणार नाही. कोण हलवणार नाही? सांगितलंच नाही. पोलीस असेल, मालक असेल, मालकाने आणलेले गुंड असतील, पाऊस असेल, भीती असेल. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या खाणकामगारांनी आणि शेतमजुरांनी हे गाणं त्यांच्या युनियनसाठी घेतलं, आणि नंतर कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या चळवळीत तेच गाणं, फक्त समोरचा बदलला. करणारा रिकामा सोडलाय म्हणूनच गाणं कुठेही चाललं. त्या बाईंना मी म्हटलं, हे बघा, पॅसिव्ह तेव्हा वापरायचा जेव्हा करणारा कोण ह्यापेक्षा ज्याच्यावर होतंय तो महत्त्वाचा असतो. आणि मग मी विचारलं की हे मराठीत कसं म्हणाल? सगळे एकदम, 'आम्ही हलणार नाही'. बरोबर, कुणीही मराठी माणूस असंच म्हणेल, 'हलवले जाणार नाही' असं कुणी तोंडाने बोलत नाही. पण बघा काय झालं, मराठीत येताच पॅसिव्ह गेला, हलवणारा गेला, उरलो फक्त आम्ही आणि आमची इच्छा. स्पॅनिशमध्ये हेच गाणं 'नो नोस मोव्हेरान' असं गातात, त्याचा सरळ अर्थ 'ते आम्हाला हलवणार नाहीत', म्हणजे तिथे पॅसिव्ह मोडून 'ते' उघड उभे केलेत. तीन भाषा, तीन वेगळ्या बाजूंनी तीच गोष्ट. ह्यानंतर त्या वर्गात पॅसिव्ह कुणालाही परत शिकवावा लागला नाही.

आणि त्याच गाण्यात पुढे एक सापळा आहे, तो मला फार आवडतो. 'जस्ट लाइक अ ट्री दॅट्स प्लँटेड बाय द वॉटर'. तुमच्या सदराने शिकवलं की पॅसिव्ह मध्ये बाय आला की तो करणारा. मग वर्गात दोघांनी अर्थ सांगितला, पाण्याने लावलेलं झाड! नियमाप्रमाणे बिचाऱ्यांचं बरोबरच होतं. पण इथे बाय म्हणजे शेजारी, काठाला, पाण्याच्या काठी लावलेलं झाड. मूळ प्रतिमा बायबलमधली आहे, पाण्याकाठचं झाड दुष्काळातही सुकत नाही कारण मुळं खोल गेलेली असतात. आता हा बाय आणि तो बाय ह्यातला फरक ते जन्मात विसरणार नाहीत, कारण झाड डोळ्यासमोर आलंय.

आता ज्या गाण्यासाठी खरंतर हे पत्र लिहायला घेतलं त्याकडे येते, 'वी शॅल ओव्हरकम'. त्याचं हिंदी रूप 'हम होंगे कामयाब', गिरिजाकुमार माथुरांनी केलेलं, आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे, म्हणून अर्थ सांगायची गरज नाही असं वाटतं आणि तिथेच आपण फसतो. ह्या तीन शब्दांत इंग्रजीचं जेवढं व्याकरण आहे तेवढं एखाद्या धड्यात सुद्धा नसतं.

पहिला शब्द वी. चर्चमध्ये ह्याचं जुनं रूप होतं ते 'आय' चं होतं, मी मात करेन, एकट्याचं देवाशी बोलणं. १९४५-४६ साली साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटन गावात तंबाखूच्या कारखान्यातल्या कामगारांचा संप झाला, त्यात बहुतेक कृष्णवर्णीय बायका होत्या, त्या संपात ते 'वी' झालं, 'वी विल ओव्हरकम'. एका सर्वनामाने भजनाचं संपाचं गाणं झालं. एकवचन अनेकवचन शिकवायला ह्यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

पण मराठी माणसाला इथे एक प्रश्न पडायलाच हवा आणि तो कुठल्याही इंग्रजीच्या पुस्तकात नसतो. हा वी म्हणजे आम्ही की आपण? आपल्या भाषेत हे दोन वेगळे शब्द आहेत, समोरच्याला बाहेर ठेवायचं तर आम्ही, सोबत घ्यायचं तर आपण. इंग्रजीत एकच वी. मी वर्गात विचारलं तर अर्धे म्हणाले आम्ही, अर्धे आपण, आणि चांगलीच जुंपली. मी म्हटलं तुम्ही दोघंही बरोबर आहात, ते गाणारा कुणाकडे तोंड करून उभा आहे त्यावर आहे. सभेत हात धरून गाताना तो आपण आहे. पोलिसांसमोर गाताना आम्ही आहे.

आणि मग मी त्यांना १५ मार्च १९६५ ची गोष्ट सांगितली. त्याच्या आठ दिवस आधी, ७ मार्चला, अलाबामातल्या सेल्मा गावात मतदानाच्या हक्कासाठी चालत निघालेल्या लोकांना पुलावर पोलिसांनी लाठ्यांनी आणि अश्रुधुराने मारलं होतं. अध्यक्ष लिंडन जॉन्सन संसदेपुढे उभे राहिले, म्हणाले की भेदभाव आणि अन्यायाच्या ह्या वारशावर फक्त कृष्णवर्णीयांना नाही, आपल्या सगळ्यांनाच मात करायची आहे, आणि मग थांबून, 'अँड वी शॅल ओव्हरकम'. इतकी वर्षं जो वी सत्तेच्या समोर उभा राहून आम्ही म्हणत होता त्याला सत्तेच्या खुर्चीवरच्या माणसाने आपण करून टाकलं. शब्द तोच. इंग्रजी ऐकणाऱ्यांना ते अंगावर काटा आल्यासारखं जाणवलं असणार, पण नेमकं काय बदललं हे शब्दात सांगायची सोय मराठीत आहे, इंग्रजीत नाही. मला हे सांगताना अजूनही भरून येतं. आपल्या भाषेतल्या दोन साध्या शब्दांमुळे आपण ते भाषण जास्त खोल वाचू शकतो, हे ज्या दिवशी माझ्या वर्गाला कळलं त्या दिवशी त्यांची इंग्रजीची भीती अर्धी गेली, कारण भाषेत आपल्याकडे काही कमी नाही हे त्यांना दिसलं.

दुसरा शब्द शॅल. इथे मी जरा रेंगाळणार आहे, माफ करा, जागा कमी पडली तर पुढचं काहीही कापा पण हे कापू नका. कामगार 'विल' म्हणत होते. टेनेसीमध्ये हायलँडर फोक स्कूल नावाची संस्था होती, कामगार आणि चळवळीतल्या लोकांना शिकवणारी, तिथल्या झिल्फिया हॉर्टन ह्यांनी हे गाणं संपवाल्यांकडून घेतलं, त्यांच्याकडून पीट सीगर ह्या गायकाने, आणि पुढे विल चं शॅल झालं. श्रेय सीगरना देतात, ते स्वतः म्हणायचे की कदाचित सेप्टिमा क्लार्क ह्या शिक्षिकेनेही केलं असेल. कारण काय दिलं तर विल मधला इ गाताना तोंड उघडत नाही, शॅल म्हणताना उघडतं. म्हणजे व्याकरणासाठी नाही, आवाजासाठी! वर्गात म्हणून बघा, हजार माणसांनी एकत्र ओढून धरायचा सूर विल वर धरवत नाही. उच्चार शिकवायला हे दोन शब्द पुरेसे आहेत, आपल्याकडे लोक शॅल ला शाल म्हणतात ते गाताना आपोआप सुटतं.

पण व्याकरणाचं काय? आपल्याला शाळेत शिकवलं, आय आणि वी ला शॅल, बाकीच्यांना विल, हा साधा भविष्यकाळ. आणि निर्धार दाखवायचा असेल तर उलट करा, आय विल, वी विल. हा नियम जॉन वॉलिस नावाच्या माणसाने १६५३ साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात मांडला आणि शाळांनी तो शतकानुशतकं चालवला. आता तो नियम ह्या गाण्याला लावा. वी शॅल ओव्हरकम, म्हणजे नुसती माहिती, उद्या सोमवार आहे तसं, एक दिवस आम्ही मात करू. आणि वी विल ओव्हरकम हा निर्धार. म्हणजे नियमाप्रमाणे सीगरनी गाणं बोथट केलं! पण जगात ज्या कुणी हे गाणं ऐकलंय त्याला विचारा, शॅल मध्येच जास्त जोर वाटतो. असं का? कारण ज्या लोकांनी हे गायलं त्यांच्या कानात वॉलिस नव्हता, बायबल होतं, १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये देवाची वचनं आणि आज्ञा शॅल मध्ये आहेत. तिथे शॅल म्हणजे होणारच, टळणार नाही. मी वर्गाला सांगते की शॅल चं मराठी 'च' आहे. आपण मात करूच. हा च म्हणताना जो ठामपणा येतो तो शॅल चा.

इथे एक सावधगिरी मी नेहमी देते, आजच्या बोलण्यात शॅल फारसं कुणी वापरत नाही. 'शॅल वी गो?' असं विचारताना, 'शॅल आय ओपन द विंडो?' असं विचारताना, आणि करारपत्रात, कायद्यात तो आहे. ऑफिसात कुणी 'आय शॅल कम टुमॉरो' म्हणालं तर चूक नाही पण जुनाट वाटेल. हे सांगितलंच पाहिजे, नाहीतर गाण्यातनं शिकवणारे आपण माणसाला चुकीच्या कपड्यात बाहेर पाठवतो.

ह्या एका शब्दावर कोर्टात सुद्धा वाद झालाय. गाण्याच्या कॉपीराइटवर खटला झाला तेव्हा २०१७ मध्ये अमेरिकेतल्या न्यायाधीशांनी असं म्हटलं की विल चं शॅल करणं आणि 'डाउन इन माय हार्ट' मधल्या 'डाउन' चं 'डीप' करणं हा इतका छोटा बदल आहे की त्यावर नवा हक्क सांगता येणार नाही, आणि २०१८ मध्ये तडजोड होऊन गाणं सगळ्यांसाठी मोकळं झालं. निकाल चांगला झाला, गाणं लोकांचं होतं ते लोकांना मिळालं, आणि मी वर्गात मुद्दाम दोन्ही ओळी गाऊन दाखवते आणि विचारते, छोटा बदल आहे का हो? उत्तरं ऐकण्यासारखी असतात.

तिसरा शब्द ओव्हरकम. हे सहसा सकर्मक क्रियापद आहे, कशावर तरी मात करायची असते. गाण्यात कर्मच नाही! परीक्षेत असं वाक्य लिहिलं तर मार्क कापतील. इथे ती रिकामी जागाच गाण्याचं बळ आहे, संपवाल्या बायकांनी तिथे कमी पगार भरला, सेल्माच्या लोकांनी मतदानाचा हक्क भरला. माझ्या वर्गात मी प्रत्येकाला एक कर्म भरायला लावते, आय शॅल ओव्हरकम... आणि पुढे जे हवं ते. एका रात्रपाळीच्या नर्सबाईंनी 'माय फिअर ऑफ द टेलिफोन' लिहिलं, त्यांना इंग्रजीत फोन आला की हात थरथरायचा. बाकी रूपं जाता जाता, कम, केम, कम तसंच ओव्हरकम, ओव्हरकेम, ओव्हरकम.

आणि पुढची ओळ, मन में है विश्वास, मूळ इंग्रजीत 'आय डू बिलीव्ह' आहे. हा डू कुठून आला? लोक बुचकळ्यात पडतात कारण त्यांना शिकवलेलं असतं की डू प्रश्नात आणि नकारात येतो. मी म्हणते समजा कुणीतरी म्हणालं की तुझा विश्वास नाही, तर तू काय म्हणशील? 'आहे, अगदी आहे'. तो अगदी म्हणजे हा डू. दोन मिनिटांचं काम.

ह्या गाण्याची एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ३१ जुलै १९५९ च्या रात्री हायलँडर शाळेवर पोलिसांची धाड पडली. दिवे बंद, अंधार, लोकांना बसवून ठेवलेलं. तिथे अलाबामातल्या मॉन्टगोमेरीहून आलेली १४ वर्षांची एक मुलगी होती. तिने अंधारात ह्याच चालीवर नवी ओळ म्हणायला सुरुवात केली, 'वी आर नॉट अफ्रेड'. आणि सगळे गाऊ लागले. आता काळ बघा. बाकीची बहुतेक कडवी भविष्यकाळात, मात करू, हातात हात घालून चालू, एक दिवस. आणि ही ओळ साध्या वर्तमानकाळात, आम्ही घाबरलेले नाही, आत्ता, ह्या क्षणी, अंधारात. पुढे त्या कडव्यात समडे च्या जागी टुडे येतं. सिंपल प्रेझेंट म्हणजे काय हे विचारलं तर मी आता सूर्य पूर्वेला उगवतो हे वाक्य देत नाही, ही मुलगी देते.

असंच एक व्याकरणाचं नाट्य 'इफ आय हॅड अ हॅमर' मध्ये आहे, १९४९ चं गाणं, सीगर आणि ली हेज ह्या दोघांचं. माझ्याकडे हातोडा असता तर मी तो सकाळी चालवला असता, संध्याकाळी चालवला असता, ह्या अर्थाचं. सेकंड कंडिशनल, इफ अधिक भूतकाळ, पुढे वुड. आपल्या लोकांना इथे भूतकाळ का हे समजत नाही असं शिक्षक म्हणतात पण मराठीत आपणही 'असता' म्हणतो ना, 'आहे' म्हणत नाही, जे नाहीच आहे ते सांगायला दोन्ही भाषा वर्तमानापासून एक पाऊल मागे जातात. मग कडव्यामागून कडवं हातोडा असता तर, घंटा असती तर, गाणं असतं तर असं चालतं, आणि शेवटच्या कडव्यात इफ गळून पडतो, आय हॅव्ह गॉट, माझ्याकडे हातोडा आहे! नुसता काळ बदलला आणि स्वप्न बघणारा माणूस कामाला लागला. कंडिशनलचे प्रकार शून्य, एक, दोन, तीन असे कोष्टकात पाठ करण्यापेक्षा हे एक कडवं गाऊन घ्या.

शब्दांचं म्हणाल तर तिथे खजिना आहे. 'व्हिच साइड आर यू ऑन', १९३१ चं, केंटकीतल्या हार्लन भागातल्या कोळसा खाणींच्या संपातलं. फ्लॉरेन्स रीस ह्यांचा नवरा युनियनचं काम करायचा, शेरीफची, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाची, माणसं त्याला शोधत घरात घुसली, तो नव्हता, घर उलथंपालथं केलं, आणि त्या बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान फाडून त्यावर हे गाणं लिहिलं. शीर्षकातला ऑन शेवटी लटकतोय बघा, वाक्याच्या शेवटी शब्दयोगी अव्यय ठेवू नये असं जे शिकवतात त्यांनी हे तिच्यासमोर सांगून बघायला हवं होतं. त्या गाण्यात दोन शब्द आहेत. एक स्कॅब, संप फोडून कामावर जाणारा, मूळ अर्थ जखमेवरची खपली. दुसरा थग, मालकाचा गुंड. हा थग आपला ठग आहे! इथला शब्द इंग्रजांच्या बोटीतनं इंग्रजीत गेला आणि शंभर वर्षांनी केंटकीच्या खाणीतल्या बाईने तो शेरीफच्या माणसांवर फेकला. वर्गात हे सांगितलं की लोक टाळ्या वाजवतात. आणि यू चा अनुवाद करायला सांगा, तू की तुम्ही? पुन्हा तोच खेळ. मी तू घेते, शेजाऱ्याला विचारतेय ना ती, बाबा तू कुणाच्या बाजूला आहेस.

'पाय इन द स्काय' (हा पाय म्हणजे बेकरीतला एक गोड पदार्थ, आकाशातला गोड खाऊ म्हणा) हा वाक्प्रचार तर सरळ एका चळवळीच्या गाण्यातनंच इंग्रजीत आला. जो हिल नावाच्या स्थलांतरित कामगाराने १९११ मध्ये चर्चच्या एका गाण्याच्या चालीवर हे रचलं, आज उपाशी रहा, मेल्यावर स्वर्गात मिळेल असं सांगणाऱ्या उपदेशकांवर. आपण गाजर दाखवलं म्हणतो ना, त्याच्या जवळचं. १९१५ मध्ये खुनाच्या आरोपाखाली त्याला युटा राज्यात गोळ्या घालून मारलं, त्या खटल्यावर अजूनही वाद आहे. आज कंपन्यांच्या मीटिंगमध्ये लोक हा वाक्प्रचार वापरतात आणि तो कुणाच्या तोंडचा आहे हे त्यांना माहीतही नसतं.

आणि फ्रेझल व्हर्ब्ज, म्हणजे अप, डाउन असा शब्द जोडून झालेली क्रियापदं, ज्यांनी सगळेच रडकुंडीला येतात. १९७३ चं जमैकाचं 'गेट अप, स्टँड अप' घ्या. गेट अप म्हणजे ऊठ, स्टँड अप म्हणजे उभा रहा, आणि फॉर लागला की स्टँड अप फॉर, हक्कासाठी उभं राहणं, आणि गिव्ह अप म्हणजे सोडून देणं, एका गाण्यात सगळी. 'गो डाउन मोझेस' मध्ये 'लेट माय पीपल गो', १८६१ मध्ये छापलं गेलेलं गुलामांचं गाणं, इथे लेट नंतर टू येत नाही हे समजवायला नियमच नको, माझ्या माणसांना जाऊ दे, आपलं 'दे' तसंच चालतं.

आता एक आक्षेप मला माहीत आहे, पालक आणि शिक्षक दोघंही घेतात. ह्या गाण्यांमध्ये चुकीचं इंग्रजी असतं, एन्ट, गॉना, दोन दोन नकार. 'एन्ट गॉना लेट नोबडी टर्न मी राउंड', मी कुणालाही मला मागे फिरवू देणार नाही, १९६२ मध्ये जॉर्जियातल्या ऑल्बनीच्या आंदोलनात घुमलेली ओळ, शाळेच्या हिशोबाने दोन नकार म्हणजे होकार झाला. पण गाणारी माणसं होकार देत होती का? नाही ना. भाषा गणित नाही. आफ्रिकन अमेरिकन लोकांच्या बोलीत नकार वाक्यभर पसरतो, तो त्या बोलीचा नियम आहे, चॉसर ह्या चौदाव्या शतकातल्या कवीच्या काळच्या इंग्रजीतही असे नकार होतेच. मी वर्गात दोन रकाने करते, एकीकडे गाण्यातली ओळ, दुसरीकडे अर्जात किंवा परीक्षेत लिहायची ओळ, 'आय अ‍ॅम नॉट गोइंग टू लेट एनीबडी टर्न मी अराउंड'. गाण्यातली ओळ ऐकून समजली पाहिजे, दुसरी लिहिता आली पाहिजे. आणि पहिलीला अशुद्ध म्हणू नका एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे, कारण आपल्यातल्या किती जणांना आपल्या बोलीवरून शाळेत हसलंय, मलाही माझ्या एका बाईंनी अख्ख्या वर्गासमोर उभं करून माझा उच्चार तीनदा म्हणायला लावला होता, त्यानंतर कित्येक वर्षं मी तोंड उघडलं नाही.

शिकवायची पद्धत वेगळी शोधायची गरजच नाही, ती गाण्यातच आहे. ही गाणी ज्यांनी रचली त्यांच्यातल्या पुष्कळांना पुढ्यातला कागद वाचता येत नव्हता, मग एक जण ओळ टाकणार, बाकीचे झेलणार, दर कडव्यात एकच शब्द बदलणार. अशा गाण्यांना अमेरिकेत झिपर साँग म्हणतात, चेन उघडायची, एक शब्द काढायचा, दुसरा घालायचा. भाषा शिकवणारे ज्याला सब्स्टिट्यूशन ड्रिल म्हणतात ते हेच, फक्त ड्रिल मध्ये झोप येते आणि गाण्यात येत नाही. आधी नुसतं ऐकायचं, कागद न देता. मग कळलेले शब्द लिहायचे, चुकीचे का असेनात. मग कागद. मग गायचं, आणि गाताना शब्द कसे जोडले जातात बघायचं, शॅल ओव्हरकम असं तुटक नाही, शॅलोव्हरकम. अनुवाद सगळ्यात शेवटी. ज्याला गाता येत नाही त्याने तालात म्हणावं, सूर लागलाच पाहिजे असं काही नाही.

तर संपादक साहेब, माझी मागणी एवढीच की सदरात दर आठवड्याला दहा सुटी वाक्यं देण्याऐवजी एका गाण्याची एक ओळ द्या. एकच. ती कुणी, कधी, कुणासमोर उभं राहून गायली ते चार ओळीत, त्यातलं व्याकरण, आणि मराठीत ती कशी होते आणि होताना काय सुटतं. अख्खी गाणी छापू नका, नव्या गाण्यांवर हक्क असतात, पण जुनी युनियनची आणि गुलामांची कितीतरी गाणी मोकळी आहेत, ती वर्षभर पुरतील. ओळी निवडायला मदत हवी असेल तर मी आणि माझा वर्ग दोघंही तयार आहोत, त्यांनी आत्ताच यादी करायला घेतलीय. पहिल्या आठवड्याला कुठली ह्यावर मतदान झालं, 'व्हिच साइड आर यू ऑन' निवडून आली, आणि सुरुवातीला ज्यांनी प्रश्न विचारला होता त्याच पॅसिव्हवाल्या बाई तिच्यावर पहिला मजकूर लिहून आणणार आहेत, पुढच्या बुधवारपर्यंत.

आपली,
एक वाचक आणि इंग्रजीची शिक्षिका